तानू सणगरणीची माळ

त्या वर्षी साबाजी महाराजांचा मुक्काम खिलारमाळला होता. गाव म्हणजे उघडा माळ, हिवराची काटेरी झाडे आणि मधोमध माळजाईचे ठेंगणे दगडी देऊळ. देवळासमोरच्या लिंबाखाली महाराज बसत. अंगावर एक छाटी, खाली एक जुने बुरणूस. भेटायला येणारा रडत येवो की फुशारक्या मारत येवो, महाराजांचे हात लोकरीतली कुसळे वेचत असत. कुणी पाया पडले तर म्हणत, "झालं का पडून? बस. चार कुसळं वेच." पुष्कळ मोठी माणसे तेवढ्यानेच निघून जात.

ती लोकर तानू सणगरणीची असे.

तानूचा नवरा केरबा कमरेतून अधू झाला होता. माग बंद पडला. मग तानूने घोंगडी विणायचे सोडून बुरणूस करायला घेतले. बुरणुसाला माग लागत नाही, चाती लागत नाही, सूतही लागत नाही. पिंजलेली लोकर चटईवर थरावर थर पसरायची, वर रिठ्याचे कढत पाणी शिंपडायचे, चटई गुंडाळायची आणि पायांनी तुडवायची. सकाळी तुडवायला लागले की दुपार होते. लोकरीचा एक एक केस शेजारच्या केसाला धरतो आणि शेवटी अशी घट्ट चादर होते की पाऊस आत शिरत नाही. त्या चादरीवर तानू रंगवलेल्या लोकरीचे मोर, मेंढरे, सूर्य दाबून बसवी. पळसाचा पिवळा, बाभळीचा तपकिरी, मंजिष्ठेचा लाल.

उरलेल्या लोकरीच्या ती तळहातांत गोळ्या वळी. त्यांचे मणी होत. मण्यांच्या माळा, बांगड्या, केसांत खोवायची फुले. मंगळवारच्या बाजारात देवळाच्या पायरीशी फडके पसरून ती बसे. ज्यांना सोन्याचा एक मणी जन्मात मिळणार नव्हता, त्या पोरी तिच्याकडून गळाभर माळा घेऊन जात आणि विहिरीवर एकमेकींना दाखवत.

तिच्या अगदी समोर नागूशेठ पटवेकऱ्याचे दुकान होते.

पटवेकरी म्हणजे सोन्याचे मणी रेशमात ओवणारा. सोनार मणी घडवतो, पण ते गळ्यात बसतील असे ओवायचे, मागे गोंडा बांधायचा, गाठ अशी मारायची की जन्मभर सुटू नये, हे पटवेकऱ्याचे काम. नागूशेठचा हात त्यात असा होता की पंचक्रोशीत तोड नाही. आणि मोठा मान म्हणजे, दर जत्रेला माळजाईच्या गळ्यात जी नवी माळ पडे ती सात पिढ्या त्याच घराण्याची. देवीचे चांदीचे पदक त्या माळेला बांधायचे तेही त्यांनीच. एवढे सगळे असून या माणसाच्या डोळ्यांत कुसळ कोणते, तर समोरच्या फडक्यावरची गर्दी.

त्याचे गिऱ्हाईक एकानेही कमी झाले नव्हते, हे ध्यानात ठेवा. सोने घेणारी तानूकडे जाऊन सोने थोडीच मागणार होती? पण मत्सराला हिशेब लागत नाही. आपल्या ताटात लाडू असला तरी दुसऱ्याच्या पानातली भाकरी खुपते, असा तो रोग आहे. गंध लावणाऱ्यांना होतो, टाळ कुटणाऱ्यांना होतो, आणि झाला की माणूस त्याला 'धर्म', 'रीत', 'मान' अशी नावे देतो.

एका दुपारी नागूशेठ जेवायला घरी गेला. बायको अंबूबाई वाढायला वाकली आणि तिच्या गळ्यात सोन्याच्या पुतळ्यांच्या माळेखाली लाल-पिवळ्या लोकरीची माळ लोंबली.

"हे काय?" नागूशेठ म्हणाला.

"माळ."

"माळ आहे ते दिसतंय मला. कुणाची?"

"माझी. तानूकडची. हलकी आहे हो, मानेला टोचत नाही. तुमच्या त्या जरीच्या गोंड्यानं मला उन्हाळाभर पुरळ येतं."

"पटवेकऱ्याच्या बायकोनं मेंढराचे केस गळ्यात घालायचे?"

"मग काय झालं? रेशीम तरी कुठं झाडाला लागतं? किड्याचंच असतं ना ते?"

नागूशेठ ताटावरून उठला तो सरळ लिंबाखाली आला. महाराज कुसळे वेचत होते. शेजारी तानू पिंजलेली लोकर गोणीत भरत होती.

"महाराज, या बाईला देवळापुढून उठवा," तो म्हणाला.

"का रे नागू?"

"पायानं तुडवलेला माल देवीच्या दारात विकते. आणि माल तरी कसला? याला दोरा आहे? सूत आहे? पीळ आहे? पीळ नाही त्याला आम्ही काम म्हणत नाही. पीळ नाही ते आज ना उद्या सुटणार. लोकांना फसवते ही."

तानू खाली मान घालून म्हणाली, "शेठ, सुटलेली एक तरी माळ परत आली व्हय माझ्याकडं?"

"तू गप्प बस गं. मी महाराजांशी बोलतोय."

महाराजांनी एक गोखरू चिमटीत धरून उपटले, उन्हात बघितले आणि बाजूला टाकले. "देवळाचं दार देवीचं. कुणी बसायचं ते तीच सांगेल. येत्या पौर्णिमेला जत्रा आहे. तू माळ घालतोस तशी यंदा तानूही घालू दे. तिची माळ देवीनं गळ्यात घेतली तर ती इथं बसेल. नाही घेतली तर उठेल. कबूल?"

नागूशेठला हसू आले. "कबूल. आणि उठली तर परत कुठल्याच बाजारात नाही बसायची, हेही ठरवा."

तानूच्या हातातली लोकर खाली पडली. "महाराज, म्या कुठं काय मागितलं होतं? हे फडकं गेलं तर घरात चूल पेटायची न्हाई. धनी अंथरुणावर हाय."

"तानाई, तू तुझं काम कर. मापात कर. बाकीचं तुझ्याकडं नाही," महाराज म्हणाले.

आता माळजाईचे रूप सांगायला हवे. देवी म्हणजे शेंदराचा एक मोठा गोळा. नवस फिटला की तेलशेंदूर, पोर झाले की तेलशेंदूर, बैल बरा झाला की तेलशेंदूर. शेकडो वर्षांचे ते लिंपण थरावर थर चढून देवी हातभर रुंद झाली होती. वर चांदीचे डोळे लावलेले. आत काय आहे ते कुणी पाहिले नव्हते, कुणाच्या आज्यानेही नाही. मल्हारी गुरवाने दोरीने देवीच्या मानेचे माप घेतले आणि ती दोरी तानूला दिली. नागूशेठकडे तेच माप सात पिढ्यांचे होते.

तानूने अकरा दिवस खपून माळ केली. मणी वळले, आणि ते ओवायला दोरा घेतला नाही. लोकरीचीच वात वळली, मणी तिच्यातच मुरवले, आणि दोन्ही टोके एकमेकांत अशी मिसळली की टोक उरलेच नाही. माप दोरीला धरून पाहिले. केसाचाही फरक नव्हता.

रिवाजाप्रमाणे दोन्ही माळा चतुर्दशीला सकाळी देवळात आल्या. मल्हारीने त्या गाभाऱ्याबाहेरच्या कोनाड्यात, कोऱ्या फडक्याखाली ठेवल्या. दुपारी तो जेवायला घरी गेला, आणि नागूशेठ आपल्या माळेचा गोंडा ठीक करायच्या निमित्ताने देवळात आला. मानकरीच तो. त्याला कोण अडवणार?

त्याने तानूची माळ हातात घेतली आणि टोक शोधू लागला. हा त्याचा धंदाच होता. कितीही अवघड माळ असो, टोक सापडले की उलटा पीळ द्यायचा आणि माळ मोकळी होते. टोक ढिले करून ठेवले तर उद्या देवीच्या गळ्यात पडताक्षणी मणी घरंगळतील, एवढेच त्याला हवे होते. तो टोक शोधतो आहे, शोधतो आहे. नखाने चाचपले, दाताने चावून पाहिले. टोक नाही. गाठ नाही. पीळ नाही. चाळीस वर्षे दोरा हाताळलेला माणूस, त्याला त्या माळेत शिरायला वाट सापडेना. तेव्हा जो संताप त्याच्या मनात उठला तो तानूवरचा नव्हता, तिच्या कामावरचा होता. हे आपल्याला येत नाही, हे त्याला त्या घटकेला कळले. आणि ज्याला हे कळते त्याने एक तर नमस्कार करावा, नाहीतर नासधूस. नागूशेठने दुसरी वाट धरली.

देवळाच्या मागे चुलवणावर जत्रेची पितळी भांडी उजळायला रिठ्याचे पाणी खदखदत होते, आणि जवळ कुणी नव्हते. रेशीम उकळत्या पाण्यात टाकले की रंग सोडते, लुळे पडते, गाठी ढिल्या होतात. नागूशेठने तोच न्याय लोकरीला लावला. माळ पाण्यात बुडवली, लाकडाने ढवळली, तरी सुटेना म्हणून बाहेर ओढून दोन्ही हातांनी खसाखसा चोळली, पुन्हा बुडवली, पुन्हा चोळली. बोटे भाजली तरी थांबला नाही.

सणगराच्या घरातल्या चार वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असते की कढत रिठ्याच्या पाण्यात चोळण्यानेच लोकर धरते. नागूशेठ जितका चोळत होता तितकी माळ आवळत होती. शेवटी त्याने पाहिले तर मणी हरभऱ्याएवढे टणक झालेले, आणि हातभर रुंद मानेची माळ वीतभर झालेली.

आधी तो घाबरला. मग हसला. सुटली नाही तर नाही. आता ही देवीच्या कपाळाखाली उतरणार नाही. त्याने माळ चुलीशी धरून सुकवली, होती तशी फडक्याखाली ठेवली, आणि भाजलेली बोटे उपरण्यात गुंडाळून घरी गेला.

पौर्णिमेला सकाळीच देऊळ भरले. महाराज गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसले होते. मानाप्रमाणे पहिली माळ नागूशेठची. सोन्याचे मणी, किरमिजी रेशीम, जरीचा गोंडा. देवीच्या गळ्यात ती बरोबर बसली. "वा शेठ," लोक म्हणाले, आणि ते खरेच होते.

मग मल्हारीने दुसरी माळ उचलली आणि जागीच थबकला. "तानू, ही तुझीच ना गं?"

तानूने माळ हातात घेतली. आत अजून दमट होती. तिने ती नाकाशी नेली. रिठ्याचा वास आला. तिने वर पाहिले, गर्दीत एकदाच नजर फिरवली, आणि परत खाली पाहिले.

"माझीच," ती म्हणाली.

मल्हारीने माळ देवीच्या डोक्यावरून उतरवायचा प्रयत्न केला. ती कपाळावर अडकली. फिरवून पाहिली, दाबून पाहिली. जाईना.

मागून एकजण म्हणाला, "देवीला बाशिंग बांधताय काय?" दुसरा म्हणाला, "अरे, माप देवीचं घेतलं का कोंबडीचं?" हशा पिकला. ज्या पोरींनी तिच्या माळा गळ्यात घातल्या होत्या, त्याही पदराआड हसल्या. पोरीच त्या.

नागूशेठ पुढे आला. "झालं ना? देवीनं घेतली नाही. आता फडकं उचल, सणगरीण. आणि लक्षात ठेव, कुठल्याच बाजारात नाही."

तानू महाराजांकडे वळली. "म्या मापात केली होती, महाराज."

"केली होतीस. मला ठाऊक आहे," महाराज म्हणाले. मग सावकाश उठले. एवढ्या दिवसांत कुणी त्यांना असे ताठ उभे राहिलेले पाहिले नव्हते. देवीपुढे हात जोडून ते म्हणाले, "आई, लेकीनं आणलंय. तूच बघ आता." आणि नागूशेठला म्हणाले, "नागू, तुझी माळ जरा उतरवून घे. तिच्या गळ्याला श्वास घेऊ दे."

नागूशेठने माळ वर उचलली. गोंड्याची जर मानेपाशी शेंदराच्या एका टेंगळाला अडकली. त्याने हिसका दिला. 'कट' असा आवाज झाला. वाळलेली फांदी मोडावी तसा. मानेपासून एक चीर निघाली, कपाळाकडे गेली, पोटाकडे गेली. मल्हारी मागे सरकला. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत देवीचा तो शेकडो वर्षांचा शेंदूर नारळाच्या करवंटीसारखा दोन बाजूंना फुटून खाली आला.

मग एक म्हातारी किंचाळली, "आई कोपली. त्या सणगरणीच्या पायगुणानं कोपली." आणि लगेच दहा तोंडांनी तेच उचलले. जमाव असाच असतो. दोनजण तानूकडे सरसावले.

महाराज मध्ये आले. "मागं व्हा," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण माणसे थांबली. "कोपली नाही. मोकळी झाली. डोळे फुटले नसतील तर बघा जरा."

लोकांनी पाहिले. शेंदराच्या ढिगातून एक काळी, गुळगुळीत, वीत-दीड वीत उंचीची मूर्ती उभी होती. नाजूक नाक, पाण्यासारखे डोळे, आणि हरिणीच्या पिलासारखी बारीक मान. त्या मानेवर काही नव्हते. कोऱ्या दगडाला कारागिराने फक्त गळा दिला होता आणि दागिना दुसऱ्या कुणावर सोपवला होता. मल्हारी गुरव मटकन खाली बसला. "चाळीस वर्षं पूजा करतोय," तो रडत म्हणाला, "आणि आईचं तोंड आज बघितलं."

महाराजांनी नागूशेठच्या हातातली सोन्याची माळ घेतली आणि त्या चिमुकल्या गळ्यात घातली. ती खांद्यावरून घसरली आणि पायांपाशी वेटोळे होऊन पडली. महाराजांनी ती उचलून नीट घडी करून नागूशेठच्या हातावर ठेवली.

"तुझं काम चांगलंच आहे रे. पण सात पिढ्या तुम्ही शेंदराला सजवलं," ते म्हणाले. "आम्हीही त्यालाच नमस्कार केले. एकट्या तुला काय बोलू?"

मग त्यांनी तानूला खुणावले. तिने ती आवळलेली, हरभऱ्याएवढ्या मण्यांची माळ देवीच्या डोक्यावर धरली आणि सोडली. माळ कपाळावरून उतरली, कानांवरून उतरली, आणि गळ्यात जाऊन बसली. ना ढिली, ना घट्ट. जन्मतःच तिथे असल्यासारखी. काळ्या दगडावर तो लाल-पिवळा रंग असा उठून दिसला की मघाशी हसलेल्या पोरींनी एकमेकींचे हात धरले. कुणीतरी पहिल्यांदा 'माळजाईच्या नावानं' म्हटले आणि देऊळ 'चांगभलं'ने दणाणले.

नागूशेठ मात्र ओरडला नाही. ते माप कुणाच्या हातून झाले होते ते त्याला पक्के ठाऊक होते. तानूने या मूर्तीच्या मापाची माळ केली नव्हती. ती लहान करणारे हात त्याचे होते, आणि ज्या मत्सराने ते हात उकळत्या पाण्यात घातले, त्याच मत्सराला देवीने कामाला लावून आपल्या गळ्याचे माप काढून घेतले होते. आता महाराज सांगतील. आता तानू बोट दाखवील.

महाराज एवढेच म्हणाले, "पदक राहिलं."

मल्हारीने डब्यातून चांदीचे पदक काढून तानूपुढे धरले. तानूने ते घेतले आणि नागूशेठकडे वळली.

"शेठ, हे तुम्हीच बांधा. पदकाची गाठ तुमच्या घराण्याची हाय. मला न्हाई येत ती."

नागूशेठने पदक घेतले. मूर्ती आता इतकी लहान होती की उभ्याने हात पोहोचेना. तो गुडघ्यांवर बसला, तरी जमेना, म्हणून पुढे वाकला, अगदी देवीच्या पायांपर्यंत. रेशमाचा तुकडा काढला. उपरणे सोडले तशी बोटे उघडी पडली. टरारून फोड आलेले. रेशीम चिमटीत धरवेना. दोनदा गाठ सुटली.

तानू त्याच्या शेजारी येऊन बसली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सावकाश बांधा. रिठ्याचं पाणी लई वाईट. उकळतं असल्यावर आम्हीपण हात घालत न्हाई."

नागूशेठचा हात थांबला. "तुला कळलं होतं?"

"माळ हातात घेतली तवाच."

"मग बोलली का नाहीस? लोक तुला हसत होते."

"बोलून माळ मोठी झाली असती व्हय?"

नागूशेठने गाठ मारली. दुखत होते, पण गाठ त्याच्या बापाने शिकवली तशीच मारली, पक्की. मग वाकल्या वाकल्याच त्याने मान वळवली आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असे सांगितले, "माळ मी उकळली. काल दुपारी. तिनं मापातच केली होती."

देवळात कुजबुज उठली. कुणी शिवी घातली. नागूशेठने ती ऐकली आणि कपाळ फरशीला टेकले, आधी देवीपुढे, मग सरकत येऊन तानूपुढे, मग महाराजांच्या पायांवर. तानू संकोचाने उठून मागे सरली. "उठवा हो महाराज त्यास्नी," ती म्हणाली. "मोठं माणूस हाय."

महाराज खाली बसले. त्यांनी मल्हारीकडून लोणी मागवले, नागूशेठचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि एकेका बोटाला लोणी लावू लागले, लोकरीतले कुसळ काढावे तितक्या हलक्या हाताने. नागूशेठने रडत रडत डोके उचलायचा प्रयत्न केला. महाराजांनी कोपराने ते परत खाली दाबले.

"घाई काय आहे?" ते म्हणाले. "पहिल्यांदाच वाकलास. असू दे थोडा वेळ तसाच."